फिलिपिनो माणूस परदेशात किती कमावतो? कंत्राटावरचा आकडा आणि घरी पोचणारे पैसे

घरकामासाठी परदेशी जाणाऱ्या फिलिपिनो बाईचा किमान पगार महिना 400 डॉलरवरून 500 डॉलर करायचा, असं फिलिपिन्सच्या स्थलांतरित कामगार खात्याने 2025 मध्ये जाहीर केलं. बातमी चार ओळींची होती, पण वाचून कुणीही थबकेल. काम सौदीतल्या घरात, पगार देणार सौदी मालक, मग किती द्यायचा ते मनिलातलं सरकार कसं ठरवणार? आणि 500 डॉलर म्हणजे चांगला पगार की वाईट?

परदेशात काम करणाऱ्या फिलिपिनो माणसाला त्यांच्याकडे ओएफडब्ल्यू म्हणतात. तिथे हा शब्द सरकारी कागदापुरता राहिलेला नाही, विमानतळावर त्यांच्या वेगळ्या रांगा असतात. फिलिपिन्सच्या सरकारी पाहणीनुसार 2023 मध्ये अशी माणसं सुमारे 21 लाख 60 हजार होती. त्यांत निम्म्याहून जास्त बायका, आणि सगळ्यांत जास्त माणसं सौदी अरेबियात. बँकांमार्फत मायदेशी आलेली रक्कम 2024 मध्ये जवळपास साडेचौतीस अब्ज डॉलर भरली, म्हणजे देशाच्या सकल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे साडेसात टक्के. एवढ्या पैशाच्या मागे एकेका माणसाच्या हाती काय पडतं, ते पाहू.

500 डॉलर म्हणजे किती?

डॉलरला साधारण 57 पेसो धरले, तर 400 डॉलरचे होतात 22,800 पेसो आणि 500 चे 28,500. एक पेसो म्हणजे आपला सुमारे दीड रुपया.

आता हे पैसे देशातल्या मजुरीशेजारी ठेवा. 2025 च्या जुलैपासून मनिला महानगरात किमान मजुरी दिवसाला 695 पेसो आहे. महिन्याचे 26 दिवस भरले तर 18,000 पेसो. पण परदेशी जाणारी बाई कारखान्यातून उठून जात नाही. ती बहुतेक वेळा खेड्यातून जाते, आणि मनिलात घरकामच करायचं म्हटलं तर 2025 मध्ये तिथे घरकामगाराचा किमान पगार होता महिना 7,000 पेसो. तेच झाडणं-पुसणं, तीच पोरं सांभाळणं, आणि पगार चौपट. शिवाय राहायला जागा, दोन वेळचं जेवण आणि जाण्यायेण्याचं विमानभाडं मालकाचं.

म्हणून पगार पाहताना पहिला प्रश्न असा विचारायचा: जेवणखाण आणि भाडं कुणाच्या खिशातून जातं? सौदीत 500 डॉलर मिळवणारी बाई ठरवलं तर त्यातले 450 घरी पाठवू शकते. लंडनमध्ये कितीतरी पट कमावणाऱ्या नर्सला पगाराचा एवढा मोठा हिस्सा पाठवणं जमत नाही. तिची गोष्ट पुढे येईल.

मनिलातलं सरकार सौदीतला पगार कसं ठरवतं?

सरकारच्या हातात एकच किल्ली आहे, ती विमानतळाची. प्रत्येक ओएफडब्ल्यूला देश सोडण्याआधी एक निर्गमन दाखला लागतो. कंत्राट त्या देशातल्या फिलिपिनो कामगार कार्यालयाने तपासलेलं असेल तरच तो मिळतो, आणि कंत्राटात ठरलेल्या किमान रकमेपेक्षा कमी पगार असेल तर मिळत नाही. सौदी मालकाला फिलिपिन्सचा कायदा लागू होत नाही हे खरंच, पण फिलिपिन्समधून माणूस हवा असेल तर हा कागद त्याला टाळता येत नाही.

हे आपल्या हमीभावासारखं आहे. सरकार भाव जाहीर करतं. जिथे खरेदी केंद्र उभं राहतं तिथे तो मिळतो. जिथे केंद्र नाही तिथे व्यापारी गावात येऊन त्याखाली माल उचलतो, आणि गरजू शेतकरी देतो. परदेशातही तसंच घडतं. मनिलात सही केलेलं कंत्राट 400 डॉलरचं, आणि मालकाच्या घरी पोचल्यावर दुसऱ्या भाषेतला दुसरा कागद पुढे येतो, त्यावर आकडा कमी. याला कंत्राट-बदल म्हणतात. 1995 च्या फिलिपिनो स्थलांतरित कामगार कायद्याखाली तो गुन्हा आहे, पण मालक सौदीत, एजंट मनिलात आणि बाई बंद घरात, अशी स्थिती असली की गुन्हा सिद्ध करणं फार अवघड होतं.

400 डॉलरचा नियम 2006 च्या अखेरीस आला. त्या वर्षीच्या लेबनॉन युद्धात हजारो फिलिपिनो बायकांना तिथून बाहेर काढावं लागलं, आणि त्यांनी सांगितलेल्या हकिकतींनी देश हादरला. तोवर घरकामाचा पगार 200 डॉलरच्या आसपास असायचा, तो एका आदेशाने दुप्पट झाला. सोबत आणखी दोन अटी घातल्या गेल्या. जाणाऱ्या बाईकडे घरकामाच्या प्रशिक्षणाचा सरकारी दाखला हवा, आणि नोकरी लावण्याबद्दल एजंटाने तिच्याकडून एक पैसाही घ्यायचा नाही.

त्यानंतर जवळजवळ एकोणीस वर्षं तो आकडा तसाच राहिला. एवढ्या काळात तांदूळ, शाळेची फी, औषधं यांचं काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. 500 डॉलरच्या निर्णयाबद्दल माझं मत सरळ आहे. हा निर्णय फार आधी व्हायला हवा होता.

एकाच देशात दोन भाव

कामगाराला किती मिळणार, हे देशापेक्षा बरेचदा यावर ठरतं की त्या देशाचा कामगार कायदा त्याच्या कामाला काम मानतो की नाही.

तैवान पाहा. तिथल्या इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यात काम करणाऱ्या फिलिपिनोला देशाचं किमान वेतन लागू होतं. 2025 मध्ये ते महिना 28,590 तैवानी डॉलर होतं, म्हणजे 50 हजार पेसोंच्या वर. त्याच शहरात एखाद्या म्हाताऱ्या आजोबांना उचलून अंघोळ घालणाऱ्या, रात्री दोनदा उठणाऱ्या फिलिपिनो बाईला तो कायदा लागू नाही. तिचा ठरलेला पगार 20,000 तैवानी डॉलर, आणि तोही 2022 मध्ये 17,000 वरून वाढवला तेव्हा. दोघांच्याही पगारातून दलाल महिन्याची सेवा फी कापतो: पहिल्या वर्षी 1,800, दुसऱ्या वर्षी 1,700, तिसऱ्या वर्षी 1,500 तैवानी डॉलर. कायद्याने ठरवून दिलेली ही कमाल रक्कम आहे.

हाँगकाँगची पद्धत वेगळी. घरकामगारासाठी तिथे स्वतंत्र किमान पगार असतो आणि सरकार तो दरवर्षी नव्याने पाहतं. 30 सप्टेंबर 2025 पासूनच्या कंत्राटांना महिना 5,100 हाँगकाँग डॉलर, म्हणजे साधारण 37 हजार पेसो. जेवण घातलं नाही तर 1,236 डॉलर वेगळे. आठवड्याला एक सुट्टी कायद्याने. म्हणूनच रविवारी हाँगकाँगच्या सेंट्रल भागात पुलांखाली पुठ्ठे पसरून हजारो फिलिपिनो बायका बसलेल्या दिसतात. डबे उघडलेले, मोबाईलवर घरच्यांशी बोलणं चालू. ती सुट्टी कंत्राटाचा भाग आहे आणि माझ्या लेखी पगाराचाही. आखातातल्या कित्येक घरांत ती मिळत नाही.

या सगळ्यांत चांगला सौदा दक्षिण कोरियाचा. 2004 पासून तिथे सरकार ते सरकार भरती चालते, खाजगी दलाल मध्ये नाही. कोरियन भाषेची परीक्षा द्यायची, यादीत नाव यायची वाट पाहायची, आणि गेल्यावर कोरियन मजुरासारखंच किमान वेतन: 2025 मध्ये महिना सुमारे 20 लाख 96 हजार वॉन, म्हणजे 80 हजार पेसोंच्या पुढे. काम बहुतेक कारखान्यांतलं, अंगमेहनतीचं. जागा मोजक्या असतात, म्हणून परीक्षेला गर्दी लोटते.

जहाजावरचा पगार बारा महिन्यांनी भागा

परदेशातून फिलिपिन्सला येणाऱ्या पैशातला पाचवा हिस्सा खलाश्यांकडून येतो. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात त्यांच्या घरचे लोक पुढचा हिशेब लगेच ओळखतील.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना अनुभवी खलाश्याचा किमान मूळ पगार ठरवून देते. 2025 मध्ये तो महिना 673 डॉलर होता. जादा तासांचे पैसे आणि रजेचा पगार त्यावर वेगळा, म्हणून प्रत्यक्ष रक्कम बरीच मोठी होते. अधिकाऱ्यांचे पगार तर याच्या अनेक पटींनी असतात. फिलिपिनो खलाश्याच्या ठरावीक कंत्राटात एक अट आहे: मूळ पगाराचा किमान 80 टक्के भाग दर महिन्याला थेट घरच्या खात्यावर गेला पाहिजे. माणूस समुद्रात, पैसा किनाऱ्यावर.

पण कंत्राट साधारण सहा ते नऊ महिन्यांचं. घरी परतला की पगार थांबतो. पुढचं जहाज मिळेपर्यंत दोन महिने जातात, कधी सहा. म्हणून खलाश्याचा पगार ऐकला की त्याला जहाजावरच्या महिन्यांनी गुणायचं आणि बाराने भागायचं. 1,200 डॉलर मिळवणारा माणूस वर्षात आठ महिने जहाजावर असेल, तर त्याचा खरा मासिक पगार 800 आहे.

नर्सचा आकडा सगळ्यांत फसवा

फिलिपिन्स जगाला नर्स पुरवतो ही ख्याती खरी आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत इंग्लंडमधली नवी नर्स 2025-26 मध्ये वर्षाला 31,049 पौंडांपासून सुरुवात करते. पेसोत गुणाकार केला की महिना दोन लाखांच्या जवळ जातो, आणि गावात तीच बातमी पसरते.

त्यातून प्राप्तिकर, राष्ट्रीय विमा आणि पेन्शनचा हप्ता गेला की हातात दोन हजार पौंडांच्या आसपास उरतात. मग खोलीचं भाडं, हीटिंग, बस, जेवण. नवी नर्स पहिल्या वर्षात घरी किती पाठवते, हे ती लंडनमध्ये आहे की उत्तरेतल्या लहान शहरात, यावरच ठरतं. सौदीत नर्सला सरकारी भरतीच्या जाहिरातींत साधारण 4,000 रियालपासून पगार दिसतो, म्हणजे हजार डॉलरच्या थोडा वर. आकडा ब्रिटनच्या निम्म्याहूनही कमी, पण त्यावर कर नाही आणि राहण्याची सोय बहुतेकदा रुग्णालयाची. पाच-सात वर्षं काम करून घर बांधायचं असेल तर सौदीचा हिशेब पुष्कळदा जास्त जुळतो. मुलाबाळांसह कायमचं स्थायिक व्हायचं असेल तर ब्रिटनचा. ही तुलना दोन पगारांची दिसते, खरी निवड दोन आयुष्यांतली असते.

आणि देशात? फिलिपिन्सच्या 2002 च्या नर्सिंग कायद्याने सरकारी नर्सला ठरावीक वरची वेतनश्रेणी दिली होती. ती प्रत्यक्षात मिळायला सर्वोच्च न्यायालयाचा 2019 चा निकाल लागला आणि 2020 उजाडलं. आज ती श्रेणी महिना 40 हजार पेसोंच्या आसपास आहे. खाजगी रुग्णालयात त्याहून पुष्कळ कमी. कोविडमध्ये देशातच नर्स कमी पडू लागल्या तेव्हा सरकारने त्यांच्या परदेशी जाण्यावर मर्यादा घातली, 2021 च्या सुरुवातीला वर्षाला फक्त 5,000. देशात नीट पगार न देता दारही बंद करायचं, हे मला त्या काळातलं सगळ्यांत कठोर पाऊल वाटतं.

जाण्याआधीच चढलेली उचल

पगाराच्या कुठल्याही यादीत न दिसणारी रक्कम म्हणजे जाण्यासाठी काढलेलं कर्ज.

मराठवाड्यातल्या ऊसतोड कामगाराला हे समजावून सांगावं लागणार नाही. मुकादम हंगामाआधी उचल देतो, मग हंगामभर कोयता त्या उचलीसाठी चालतो. फिलिपिनो कामगाराचंही तसंच. घरकामगार आणि खलाशी यांच्याकडून नोकरी लावण्याची फी घेणं बेकायदा आहे. इतर बहुतेक कामांसाठी एजंट जास्तीत जास्त एका महिन्याचा मूळ पगार घेऊ शकतो. कागदावर एवढंच. प्रत्यक्षात फीचं नाव बदलतं: प्रशिक्षण केंद्राची फी, वैद्यकीय तपासणी दुसऱ्यांदा, वसतिगृहाचं भाडं, "प्रक्रिया खर्च". बाईला पावती मिळत नाही, किंवा मिळते ती भलत्याच संस्थेच्या नावाची.

हे पैसे येतात कुठून? नातेवाइकांकडून, जमीन गहाण ठेवून, किंवा "पाच-सहा" वाल्याकडून. पाच उसने घ्यायचे, सहा परत करायचे, दारात येऊन रोज थोडी थोडी वसुली. फिलिपिन्समध्ये हा धंदा करणाऱ्याला सर्रास "बुंबाय" म्हणतात, म्हणजे बॉम्बेवाला. हे सावकार बहुतेक पंजाबकडचे, पण शब्द आपल्या मुंबईवरून पडला आणि आता तिथे कुठल्याही भारतीय माणसाला चिकटतो. मुंबईच्या नावाला मिळालेली ही ओळख वाचून मला वाईट वाटलं.

पोचल्यावर दुसरं कर्ज वाट पाहत असतं. हाँगकाँगमध्ये परवानाधारक सावकारांना 2022 च्या अखेरपर्यंत वर्षाला 60 टक्क्यांपर्यंत व्याज घेता येत होतं. आता ती मर्यादा 48 टक्के आहे. 5,100 हाँगकाँग डॉलर पगाराच्या बाईने घरच्या आजारपणासाठी एकदा कर्ज काढलं की पुढचे कित्येक महिने पगाराचा मोठा तुकडा तिकडे जातो.

म्हणून दोन वर्षांच्या कंत्राटातली खरी कमाई मोजायची असेल तर चोवीस महिने धरू नका. पहिले चार-सहा महिने उचलीचे वजा करा.

किमान पगार वाढवला तर मालक दुसऱ्या देशाची बाई घेणार नाही का?

ही शंका रास्त आहे आणि 2006 मध्येही सगळ्यांनी काढली होती. 2011 मध्ये ती खरी ठरल्यासारखी दिसली. 400 डॉलरच्या अटीवरून वाद झाला आणि सौदीने फिलिपिनो घरकामगारांना व्हिसा देणं थांबवलं. पुढच्या वर्षी दोन्ही देशांत समेट झाला आणि 400 डॉलर म्हणजे 1,500 रियाल ही रक्कम सौदीने मान्य केली. माल दुसरीकडे मिळत होता, तरी गिऱ्हाईक परतलं. इंग्रजी येणारी, प्रशिक्षित, लहान मुलांना अभ्यासात मदत करू शकणारी बाई म्हणून फिलिपिनो कामगाराची जी ओळख आहे तिला किंमत आहे.

पण किंमत खाली ओढणारा शेजारी नेहमी असतोच, आणि 2020 मध्ये तो शेजारी आपण होतो. भारत सरकारही आखातात जाणाऱ्या कामगारांसाठी किमान संदर्भ वेतन ठरवतं. कोविडमध्ये नोकऱ्या टिकाव्यात म्हणून त्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ते 30 ते 50 टक्क्यांनी खाली आणलं. कामगार संघटना ओरडल्या, तेलंगणातून प्रकरण न्यायालयात गेलं, आणि 2021 मध्ये सरकारने तो निर्णय मागे घेतला. रत्नागिरी, खेड, दापोलीकडच्या घरांतून दोन-तीन पिढ्या आखातात गेल्या. त्या घरांना फिलिपिन्सचा हा झगडा परका वाटू नये. एका देशाने आपल्या माणसाची किंमत उतरवली की शेजारच्या बांगलादेशी, नेपाळी, फिलिपिनो कामगारालाही त्याची झळ बसते. आणि चढवली की थोडा आधार सगळ्यांनाच मिळतो.

पाठवताना किती गळतात? कर लागतो का?

कराचा प्रश्न सोपा आहे. ओएफडब्ल्यूच्या परदेशातल्या कमाईवर फिलिपिन्स प्राप्तिकर घेत नाही.

पाठवण्याचा खर्च मात्र दर महिन्याला होतो. जागतिक बँकेच्या मोजणीत 200 डॉलर पाठवायला जगात सरासरी सहा टक्क्यांहून जास्त खर्च येतो. तो 2030 पर्यंत तीन टक्क्यांवर आणायचं संयुक्त राष्ट्रांचं लक्ष्य आहे. फी शून्य असं लिहिलेलं असलं तरी विनिमय दरात ती लपलेली असते, म्हणून शंभर डॉलरला घरच्या हाती नेमके किती पेसो पडतात तेवढंच विचारायचं.

दर चढतो-उतरतो त्यातही कमाई बदलते. 2022 च्या सुरुवातीला डॉलरला 51 पेसो मिळत होते, त्याच ऑक्टोबरमध्ये 59. पगार तोच राहून घरी पोचणारी रक्कम 15 टक्क्यांनी वाढली. पण पेसो पडला की आयात तेल आणि तांदूळ महाग होतो, तेव्हा दुकानात गेलेल्या आजीला ती वाढ जाणवतेच असं नाही.

कंत्राट संपल्यावर

फिलिपिन्समध्ये कामगाराला डिसेंबरात तेरावा पगार कायद्याने मिळतो. परदेशात तो हक्क सोबत जात नाही. वृद्धापकाळाचं पेन्शन हवं तर देशातल्या सामाजिक सुरक्षा निधीचे हप्ते परदेशातून भरत राहावं लागतं, आणि घरकामगाराच्या बाबतीत मालकाचा वाटा भरायला बहुधा कुणी नसतं.

हाँगकाँगमध्ये एक सोय आहे: दीर्घ सेवेची रक्कम. दर वर्षामागे महिन्याच्या पगाराचे दोन तृतीयांश. दहा वर्षं काम केलेल्या बाईचा पगार 5,100 असेल तर 34,000 हाँगकाँग डॉलर, म्हणजे सुमारे अडीच लाख पेसो, गावाकडे एखादं लहान दुकान टाकण्यापुरते. पण त्यासाठी किमान पाच वर्षं त्याच एका मालकाकडे पूर्ण व्हावी लागतात, आणि कंत्राट एका वेळी दोनच वर्षांचं असतं. तिसऱ्यांदा नूतनीकरण करायला मालक तयार असताना तिनेच नको म्हटलं, आई आजारी आहे म्हणून ती परत निघाली, तर विमानाचं तिकीट मिळतं. ही रक्कम मिळत नाही.